मेंढरांमागं गेलेला माळ

ढाकणवाडीच्या माळावर चराई बंद झाली आणि पुढच्याच आठवड्यात माळ उठून मेंढरांच्या मागोमाग घाटाखाली निघून गेला.

आता माळ म्हणजे काही लहानसहान गोष्ट नव्हे. गवत, बोरी, हिवराची झाडं, तरवडाची झुडपं, त्यांत बसलेली तितरं, असं सगळं बिऱ्हाड घेऊनच तो निघाला. गजराबाई धनगरणीला हे वाटेत कळलं. सहज मागं वळून बघते, तर ज्या माळाचा निरोप घेऊन ती निघाली होती तोच घाटाच्या वळणावर एसटीला बाजू देत उभा!

"अगं बया," ती म्हणाली, "तू कशाला आलास रं?"

माळ काही बोलला नाही. माळ कधी बोलत असतात होय?

चराई बंद झाली होती ती चांगल्याच कारणानं. माळावर जुनी गवतं, जुनी झाडं पुन्हा उगवू द्यायची, त्यांनी हवेतला कार्बन ओढून मुळांत साठवायचा आणि त्याबदल्यात एका कंपनीनं गावाला पाण्याची टाकी बांधून द्यायची, असा तीस वर्षांचा करार होता. मुख्य अट एकच. माळावर स्थानिक वनस्पतींखेरीज कोणी राहायचं नाही.

ती अट गजराबाईच्या जिव्हारी लागली. नवरा गेल्यापासून तिला ना घर, ना जमीन. मेंढरं आणि हा माळ, एवढंच काय ते तिचं. दिवाळीनंतर खाली उतरायचं आणि पावसाच्या आत वर यायचं, हा तिचा नेम. आता वर येऊन राहायचं कुठं?

खाली भात कापलेल्या शेतात मेंढरं बसवतात. शेताला लेंड्यांचं खत मिळतं, धनगराला धान्य. शिगवण नावाच्या शेतकऱ्यानं तिची मेंढरं बसवून घेतली, पण माळ बघून तो वैतागला.

"मेंढरांचं ठरलं होतं, बाई. ह्याचं कुठं ठरलं होतं?"

"कडंला बसंल. गुणी हाय त्यो."

माळ अंग चोरून बांधालगत बसला. त्याबद्दल शिगवणाची पुढं काही तक्रार नव्हती.

होळीच्या सुमारास सरपंच शहाजीअण्णा आणि कंपनीच्या पाटणकर मॅडम जीप घेऊन आले. गावात माळाच्या जागी नुसता मुरूम उरला होता, आणि मुरूम कार्बन साठवत नाही.

"आक्का, हे वागणं बरं न्हवं," सरपंच म्हणाले. "गावचा माळ पळवलास."

"म्या कशाला पळवू? आपल्या पायानं आलाय त्यो. न्या की!"

सरपंचांनी माळाला चुचकारलं, दमदाटी केली, शेवटी जीपला दोर बांधून ओढून पाहिलं. माळ ढिम्म. मेंढरं चार पावलं पुढं गेली तसा मात्र तोही चार पावलं सरकला. मॅडमनी हे नीट पाहिलं. बाई हुशार होत्या आणि खरं सांगायचं तर मनानंही चांगल्या होत्या.

"मेंढरं आली तरच माळ येणार, आणि मेंढरांना माळावर बंदी," त्या म्हणाल्या. "मग मेंढरांना वनस्पती धरावं लागेल."

"धरता येतंय?" सरपंचांनी विचारलं.

"नियमात बसली तर. यांच्या अंगावर काही उगवतं का?"

"लोकर," गजराबाई म्हणाली. "कातरली की पुन्यांदा येती."

"बी पसरतं?"

"लेंडीतनं. बोरीचं, हिवराचं."

"जन्म कुठला?"

"समद्यांचा ह्याच माळावर. येकेकीला म्या माझ्या हातानं सोडवलीया."

मेंढरं स्थानिक वनस्पती ठरली. गजराबाईनं तिथल्या तिथं मॅडमच्या तोंडावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. वनस्पती तीस वर्षं जागेवरून हलवायच्या नाहीत, हेही मॅडमनी सांगून टाकलं.

"कशाला हलवतीया?" गजराबाई म्हणाली. "म्या बी तिथंच ऱ्हानार."

सगळे घाट चढून वर आले. माळाच्या हद्दीवर तारेचं कुंपण होतं. फाटकापाशी मॅडम थांबल्या.

"आणि तुमचा जन्म कुठला?"

"घाटात. आई मेंढरांमागं चालत हुती. वाटंतच झाले म्या."

"आक्का, माळावर झाले म्हणून टाक की!" सरपंच पुटपुटले.

"माळ ऐकतोय, अण्णा."

"मग तुम्ही स्थानिक नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांना फार वाईट वाटलं, आणि तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

गजराबाईनं मेंढरं आत सोडली. त्यांच्यामागून माळ शिरला आणि आपल्या जागेवर पसरला. तितरं ओरडली. फाटक लागलं. रस्त्यावर उभी राहून गजराबाई मोठ्यानं रडली, कोणाची भीड न धरता.

डोळे पुसून खाली बघते, तर घोंगडीएवढा माळ तिच्या पायाखालीच राहिला होता. थोडं गवत, एक तरवड. ती बाजूला सरली तसा तोही सरला.

"अरं, जा की आत!" सरपंच ओरडले.

गजराबाई तरवडाला हात लावायला वाकली आणि मध्येच थांबली. "ह्येच्यावर बी मला बंदीच म्हनायची न्हवं, मॅडम?"

मॅडमनी टेप काढली. लांबी घेतली, रुंदी घेतली, पुन्हा एकदा घेतली.

"मोजणीत थोडी घट येतेच," त्या म्हणाल्या. "हा तुकडा वजा. बसा तुम्ही."

गजराबाई बसली.