अवराचनचं बिनकष्टाचं अंगण

अवराचनने वीज मंडळात तेहतीस वर्षं नोकरी केली ती मान वर करून. खांबावर चढायचं, तारा बघायच्या आणि खाली अंधारात उभ्या असलेल्या लोकांच्या शिव्या खायच्या. त्यामुळे निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्रेस्यम्माने त्याच्या हातात खराटा दिला, तेव्हा माणूस नेमका कुठून वाकतो तेच त्याला आठवेना.

"इतकी वर्षं मी झाडलं. आता तुमची पाळी," बायको म्हणाली.

"अगं, पण मी पुरुष माणूस..."

"खराट्याला कुठे कळतंय ते!"

त्या गावात अंगण झाडणं म्हणजे तोंड धुण्यासारखं होतं. उजाडायच्या आत मातीवर खराट्याच्या रेघा उठल्या नाहीत, तर या घरात कोणीतरी आजारी तरी आहे किंवा आळशी तरी, असा निकाल देऊन शेजारी मोकळे. त्यात अवराचनच्या अंगणात दोन फणस आणि एक आंबा. तो एक पान झाडेपर्यंत वरून चार पडायची. शिवाय व्हरांड्यात त्याची आई, अम्मची, वय वर्षं एक्क्याण्णव. कान पार गेलेले, पण डोळे घारीचे.

"तो कोपरा राहिला," ती रोज सांगायची. कोणता कोपरा, ते मात्र सांगायची नाही.

महिनाभरात अवराचनची कंबर गेली. तो थेट नर्सरीत गेला आणि म्हणाला, "मला असं अंगण पाहिजे, की ज्याला मी लागणार नाही."

"मग हे लावा, चेट्टा," दादापुता करत नर्सरीवाल्याने एक हिरवी वेल दाखवली. पानं भुईमुगासारखी, फुलं पिवळी, जमिनीला धरून पसरणारी. "कापायला नको, झाडायला नको. पडलेली पानं खाली गडप होतात. फक्त पहिले दहा-बारा दिवस ऊन लागू द्यायचं नाही. नंतर तुम्ही पाय पसरून बसा."

अवराचनला स्वर्ग दोन बोटं उरला. त्याने घरी येऊन जाहीर केलं, "त्रेस्ये, ही वेल धरली की हा खराटा मी चुलीत घालणार."

"आणि नाही धरली तर?"

"तर जन्मभर मी झाडीन. तोंडातून शब्द काढणार नाही."

"अम्मचीसमोर बोला," त्रेस्यम्मा म्हणाली. अवराचन अम्मचीसमोर ओरडून बोलला. अम्मचीने मान हलवली. पैज लागली.

आता सावली हवी होती. नर्सरीतल्या हिरव्या जाळीची किंमत ऐकून अवराचनला घाम फुटला. मग त्याला शाळेतला मित्र आठवला, मांडववाला पैली.

"लग्नाचं कापड सगळं बाहेर गेलंय," पैली म्हणाला. "एक निळी ताडपत्री आहे. चालेल?"

"ऊन अडतं ना तिने?"

"अडतं की. आजवर तिच्याखालच्या कोणी तक्रार केलेली नाही."

फुकट ते पौष्टिक. सकाळी सातला पैलीचा टेम्पो आला. माणसांनी चार बांबू रोवले, निळी ताडपत्री ताणून बांधली आणि टेम्पोतल्या पन्नास प्लास्टिकच्या खुर्च्याही खाली उतरवल्या. "या उद्या पलीकडच्या आळीत न्यायच्यात," पैली म्हणाला. "कशाला परत नेऊ? राहू दे तुझ्याकडे." खुर्च्या कडेने नीट रांगेत लागल्या. अवराचन जुनं मुंडू लुंगीसारखं नेसून, गुडघ्यांवर बसून, मान खाली घालून वेलीचे तुकडे मातीत खोचू लागला.

तेवढ्यात मासेवाला सुगतन स्कूटरवरून आला. रोज आरोळी ठोकून गल्ली डोक्यावर घेणारा माणूस, पण निळी ताडपत्री बघून त्याची आरोळी घशातच राहिली. त्याने स्कूटर बंद केली, हेल्मेट काढून छातीशी धरलं, क्षणभर उभा राहिला आणि स्कूटर ढकलत निघून गेला.

"बांगडे संपले असतील," अवराचन मनाशी म्हणाला.

त्या गावात दारात निळी ताडपत्री दिसली की 'कोण गेलं हो?' असं कोणी विचारत नाही. बरं दिसत नाही ते. बघायचं आणि समजायचं. आणि ज्या घरात एक्क्याण्णव वर्षांची आई आहे, तिथे समजायला काय मोठी अक्कल लागते? सुगतनने पुढच्या वीस घरी मासे कमी आणि बातमी जास्त विकली.

अर्ध्या तासात चर्चची घंटा वाजू लागली. संथ, एकेक टोला.

"गेलं कोणीतरी," अवराचनने मातीच्या हातानेच क्रूस काढला.

"खालच्या आळीतले पौलोस असतील. दोन महिने अंथरुणाला खिळलेत बिचारे," त्रेस्यम्मा म्हणाली. "जायला हवं. मी पांढरी साडी नेसते. अम्मचीलाही तयार करते."

अम्मचीला मयतीला जायला फार आवडायचं. लग्नात तिला कोणी विचारत नसे. मयतीत पहिल्या रांगेतली खुर्ची मिळे, आणि किती माणसं आली ते मोजून ती घरी येऊन मेलेल्याची लायकी ठरवत असे. ती ठेवणीतले कपडे काढायला आत गेली.

शेजारचा देवस्सी बायकोला घेऊन पहिला आला आणि येताच अवराचनच्या गळ्यात पडला. पौलोसच्या मयतीला बरोबर न्यायला आला असेल, असं अवराचनला वाटलं.

"फार त्रास झाला का रे?" देवस्सीने विचारलं.

"कमरेला," अवराचन म्हणाला. "बाकी ठीक."

"सुटली म्हणायची."

"सुटलीच की! आता वाकणं नको, काही नको. अरे, तो पाय उचल! वेलीवर उभा आहेस तू!"

देवस्सीने पाय उचलला आणि दुसऱ्या वेलीवर ठेवला. मागून दहा जण आले. मग चर्चच्या गायकमंडळातल्या बायका. मग खुर्च्या भरल्या, आणि खुर्च्या न मिळालेले लोक अंगणभर पांगले. अवराचन एकाच्या पायाशी बसून तुकडे सरळ करायचा, तोवर दुसरा आणखी चार तुकडे भुईसपाट करायचा.

"बाजूला व्हा! अहो, सकाळपासून खपतोय मी! या गवताला पाय लावू नका!" तो रडकुंडीला आला.

"धक्का बसलाय," देवस्सी सगळ्यांना हळूच सांगत होता. "आईवर फार जीव होता. बोलू द्या त्याला."

दोघातिघांनी अवराचनला बखोटीला धरून खुर्चीवर बसवलं आणि बळंबळं कडू कॉफी पाजली. खुर्चीचे चारही पाय वेलीत रुतले. पांढऱ्या साडीतली त्रेस्यम्मा बाहेर आली आणि एवढी गर्दी बघून दारातच थबकली. तिला बघताच बायकांनी हंबरडा फोडला. पाठोपाठ पंचायतीच्या सदस्य सूसम्मा पुष्पचक्र घेऊन आल्या, फादर प्रार्थनेचं पुस्तक घेऊन आले, आणि फाटकातून एक गाडी मागे मागे येत वेलीचा उरलासुरला पट्टा चिरडून थांबली.

"शवपेटी कुठे उतरवू?" ड्रायव्हरने विचारलं.

"कोणाची?" अवराचनने विचारलं.

प्रश्न बरोबर होता, पण त्याचं उत्तर कोणी द्यायच्या आतच अम्मची बाहेर आली. पांढरंशुभ्र नेसलेली, कानात सोन्याची मोठी कर्णभूषणं, हातात जपमाळ. प्रार्थना जागच्या जागी थांबली. गायकमंडळातली एक बाई धाडकन खाली बसली. अम्मची सरळ चालत आली, पहिल्या रांगेतल्या माणसाला काठीने उठवून त्याच्या खुर्चीवर बसली आणि तिने गर्दीवरून नजर फिरवली.

"बरीच माणसं आलीत," ती खूश होऊन म्हणाली. "कोण गेलं गं?"

सूसम्मांकडे पुष्पचक्र होतं आणि ते ठेवायला जागा नव्हती. त्या राजकारणातल्या. त्यांनी ते अम्मचीच्या हातात दिलं आणि कानाशी ओरडल्या, "तुमचा सत्कार आहे, अम्मची!"

मग सगळा उलगडा झाला. सुगतनने ताडपत्रीवर ढकललं, पैलीने अवराचनवर, अवराचनने नर्सरीवाल्यावर. हसून हसून लोकांचे डोळे पुन्हा पाणावले. फादरसुद्धा पुस्तकाआड तोंड लपवून हसत होते. त्रेस्यम्माने अम्मचीच्या कानात ओरडून तिला सगळं समजावलं.

अम्मची आधी लाजली. मग तिने गर्दी मोजली. एकशे चाळीस भरली. पौलोसच्या बापालाही एवढी नव्हती, असं तिने सगळ्यांना ऐकवलं. आणि मग तिचा चेहरा एकदम पडला.

"मग मी खरंच गेले की कोण येणार?"

अंगणातलं हसू विरलं. देवस्सीने कान खाजवला. त्याची अर्ध्या दिवसाची रजा गेली होती. सूसम्मा पुष्पचक्राकडे बघत राहिल्या.

"येतील हो सगळे," फादर म्हणाले.

"येतील! आधी फोन करून खात्री करतील. मग जेवतील, झोप काढतील आणि उन्हं कलल्यावर येतील. तीससुद्धा जमायचे नाहीत!" तिचा आवाज खरोखर कापला. "एक्क्याण्णव वर्षं मी दुसऱ्यांच्या मयतीला गेले ते कशासाठी? आणि या गाढवाने माझी सगळी माणसं एका गवतासाठी उडवली!"

अवराचनला खरंच वाईट वाटलं. त्याने आईचे पाय धरले. पाय धरल्याधरल्या त्याला दिसलं, की वेलीचा एकही तुकडा शाबूत नाही.

"अम्मची, काय करू सांग. तू म्हणशील ते करतो."

अम्मचीने डोळे पुसले. "हे गवतबिवत काढ आधी. तीस तर तीस, पण येतील त्यांना उभं राहायला अंगण चकचकीत पाहिजे. रोज उजाडायच्या आत झाडलेलं. मरण काय आधी कळवून येतं?"

त्रेस्यम्माने आतून खराटा आणून दिला.

याला आता चार वर्षं झाली. अम्मची पंच्याण्णवची आहे आणि तिची तब्येत पूर्वीपेक्षा सुधारली आहे. अवराचन रोज पहाटे अंगण झाडतो. मग अम्मची काठी टेकत बाहेर येते, चारही कोपरे बघते, डोळे मिटून स्वतःच्या छातीवर हात ठेवते आणि थोडा वेळ अंदाज घेते.

"आज काही जमेलसं वाटत नाही रे," ती म्हणते. "उद्या परत झाड."