तात्यांची आठ मेंढरं

भर मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, पंखा बंद करून डोक्यावरून घोंगडी घेतलेला माणूस दिसला तर तुम्ही काय कराल? मी डॉक्टरला फोन लावणार होतो. तेवढ्यात घोंगडीतून आवाज आला, "सर, हालू नका. काचंत तुमचा शर्ट दिसायलाय."

हे किसनतात्या. मुकुंदवाडीतले माझे शेजारी. शेंद्र्याच्या एका कारखान्यात वीस वर्षं लेथ चालवून निवृत्त झाले आणि आता पूर्णवेळ घरातल्या काचेच्या पेटीतल्या माशांचे फोटो काढतात. फोटोत मासे कमी आणि स्वतःचं टक्कलच जास्त यायला लागलं, म्हणून त्यांनी वडलांची काळी घोंगडी काढली. पंख्याच्या वाऱ्यानं ती उडते, म्हणून पंखा बंद. "बापानं हिच्यात सगळा पावसाळा काढला, मला धा मिनिटं निघंना व्हय?" हे त्यांचं म्हणणं. एवढं बोलून ते घामानं निथळत बाहेर येतात.

मासे आठ. करंगळीएवढे, मिशीवाले, ठिपक्याठिपक्यांचे. दुकानदार त्यांना कॅटफिश म्हणतो, तात्या मेंढरं म्हणतात. एका परीनं बरोबरच आहे, कारण ते सगळे खाली मान घालून तळाची वाळू हुंगत कळपानं फिरतात. मध्येच एखादा सुसाट वर जातो, पाण्याबाहेरची हवा गिळतो आणि काही झालंच नाही अशा तोऱ्यात परत कळपात येतो. कधी कधी डोळा मिचकावतात. मला वाटलं तात्या थापा मारतायत, पण मी स्वतः पाहिलं. मिशा झिजू नयेत म्हणून तात्यांनी तळाची वाळू घरातल्या पिठाच्या चाळणीनं चाळून घेतली आहे. हे इंदूकाकूंना अजून माहीत नाही.

काकू म्हणजे तात्यांच्या मंडळी. पेटी खरं तर त्यांची. लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या, त्याला पाच महिने झाले. जाताना त्यांनी तात्यांना जेवणाचं काही सांगितलं नाही, माशांचं तेवढं तासभर सांगितलं. काकूंचं माहेर खुलताबादकडचं. वडलांची मेंढरं होती आणि दिवस मावळताना कळप मोजायचं काम लहानपणापासून यांच्याकडे. ती सवय सुटली नाही. म्हणून रोज सकाळी दहाला, बाळाची अंघोळ उरकली की, तात्यांनी फोटो पाठवायचा आणि काकूंनी तिकडं मोजायचं.

फोटोत कायम सात. आठवी मेंढी कुठं तरी फुटक्या माठाच्या खापराआड, नाही तर हवा प्यायला वर. तिचं नाव बारकी. "सर, एक कमी हाय," हे वाक्य आमच्या गल्लीत दूधवाल्यालाही पाठ झालं होतं.

शाळेला सुट्टी होती आणि मला हे सात सहन होईनात. मी नेटानं कामाला लागलो. खाण्याच्या गोळ्या एकाच जागी टाकून पाहिल्या. खापर हलवलं, तर तात्या दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांची स्वतःची युक्ती म्हणजे जीभ टाळूला लावून मेंढरं हाकायचा आवाज काढायचा. माशांवर परिणाम शून्य, शेजारची शेळी मात्र दारात येऊन उभी राहायची.

शेवटी एका रविवारी मीच घोंगडीत शिरलो. जीव गुदमरला, पण आठही जणी एका रांगेत आल्या. बारकी सगळ्यात पुढं, मिशा ताठ. मी विजयी मुद्रेनं तात्यांचा मोबाइल त्यांच्या हातात दिला.

तात्यांनी फोटो खूप वेळ पाहिला. "लई भारी काढला, सर," म्हणाले. मग बोटानं मागं मागं सरकवत आदल्या दिवशीचा एक फोटो काढला आणि तो पाठवून दिला. त्यात सातच होत्या.

"अहो तात्या, हे काय?"

ते घोंगडीची घडी घालायला लागले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "पयल्या महिन्यात एकदा फोटोत आठ आल्या व्हत्या, सर. तिनं नुसता अंगठा पाठवला. एक कमी आसलं की फोन करती."

मला हसू येणार होतं, ते आलंच नाही. पाच महिने मी या माणसाला फोटो काढता येत नाही असं समजत होतो, याची लाज वाटली.

एवढ्यात फोन वाजलाच. काकूंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "बारकी कुठंय?"

"आसंल खापराआड. बघतो."

"जेवलात का? का कालचंच?"

"ताजं केलं. पोरगं कसं हाय?"

"झोपलंय आत्ताच. सापडली का?"

तात्यांनी पेटीकडं पाहिलं. "व्हय, सापडली."

"बरं. मग ठेवू?"

"थांब जरा," तात्या घाईनं म्हणाले. "आता दुसरी दिसंना झाली."

मग काकू म्हणाल्या, "निवांत शोधा. मी हाय फोनवर."

तात्या खुर्ची ओढून पेटीसमोर बसले. आठही मेंढरं त्यांच्या नाकासमोर वाळूत मिशा खुपसून चरत होती.