कान खुणेवर घ्या

दिगूभाऊ ठोसरांकडे गेलात तर ते आधी तुमचे कान मोजतात. चहापाणी नंतर. मागच्या खोलीत मधोमध एक लाकडी खुर्ची आहे आणि तिच्यामागे भिंतीवर खडूची आडवी रेघ. तुम्ही बसलात की शिंप्याची टेप काढून, वाकून बघतात आणि म्हणतात, "कान चार बोटं वर आहेत. खुणेवर घ्या."

कान खाली घ्यायचे म्हणजे अख्ख्या माणसानंच खाली घसरायचं. हिंदी मुलखातल्या गढा वस्तीतल्या आमच्या गल्लीतली बरीच प्रतिष्ठित माणसं मी त्या खुर्चीत घसरलेली पाहिली आहेत. एका निवृत्त मुख्याध्यापकांना तर दोघांनी धरून वर काढलं.

"दिगूभाऊ, रेघच वर काढा ना," मी एकदा म्हटलं.

"रेघ बरोबर आहे. कान चुकीचे आहेत."

दिगूभाऊंनी तीस वर्षं कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. माल नापास करणं हे त्यांचं काम आणि तोच छंद. लग्न केलं नाही. स्थळं तपासणीत टिकली नाहीत, असं गल्ली म्हणते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गाणी मिक्स करायचे, म्हणजे त्यातले आवाज कमीजास्त करून जुळवायचे, स्पीकर आणले. त्यांना मॉनिटर म्हणायचं, हे आम्हाला तेव्हा कळलं. दुकानातली सगळ्यांत स्वस्त जोडी; खडूची रेघ तिच्याच उंचीला. खोली घुमू नये म्हणून घरातल्या सगळ्या रजया भिंतींना ठोकल्या आणि त्या हिवाळ्यात स्वतः दोन स्वेटर घालून झोपले.

"घरातले स्पीकर गोड बोलतात, पाहुण्यासारखे," ते सांगत. "हे खरं बोलतात. खर्ज जरा कमी सांगतात, तेवढं मी समजून घेतो. पण खोटारडे नाहीत." आणि ऐकणाऱ्याला ताकीद एकच : "गोड नको, खरं सांगा."

मिक्स कुठेही सारखं वाजलं पाहिजे, म्हणून पेनड्राइव्ह खिशात टाकून ते ओळखीच्या ऑटोतून शहराच्या दुसऱ्या टोकाला घमापूरपर्यंत जात. मीही एकदा सोबत होतो. ऑटोवाल्यानं मिनिटभर ऐकलं आणि विचारलं, "चाचा, ये कौन रो रही है?"

"रो नहीं रही भैया, गा रही है," दिगूभाऊ म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मधला सूर वर गेला. चलो, वापस."

ही दोन वर्षं ते मिक्स करून राहिले ते एकच गाणं. चार मिनिटांचं. त्यांच्या धाकट्या बहिणीचं, मंगलचं.

आता जे कधी कोणाला सांगितलं नाही, ते सांगतो.

मंगल आणि मी कॉलेजात होतो. गल्लीतल्या मराठी घरांचा गणपती होता. ठोसरांची आई त्याच वर्षी गेली होती, आणि आईनंच रचलेलं एक गाणं मंगल म्हणणार होती. पेटीवर दिगूभाऊ. त्यांनी आपला टेपरेकॉर्डर माझ्या मांडीवर ठेवला, म्हणाले, "अरुण, सांभाळ." शेवटच्या कडव्यात मंगलनं लांब हाक घेतली, "आई... आई..." समोर अर्धी गल्ली हिंदी; त्यांना 'आई' म्हणजे 'आली'. मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं. आणि मला, एरवी चार शब्द न बोलणाऱ्याला, काय झालं कोण जाणे, मी जोरात म्हणालो, "आई है तो बैठ जा!"

मांडव हसून लोटपोट. त्या गलक्यात कोण बोललं ते कोणाला कळलं नाही. मंगलनं हाक तेवढी पुरी केली, खाली उतरली, आणि पुन्हा कधी गायली नाही. लग्न होऊन अमरावतीला गेली.

दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला : "दादा, कुकरची शिट्टी हलताना दिसते, वाजत नाही आता." त्या दिवसापासून दिगूभाऊ मांडवातल्या त्या रेकॉर्डिंगच्या मागे हात धुऊन लागले. मंगलचे कान आहेत तोवर ते गाणं तिच्या कानात जायलाच हवं. दसऱ्याला ती येणार होती.

दर रविवारी सकाळी मला खुर्चीत घसरवून ते विचारत, "तो ओरडणारा अजून ऐकू येते?"

मी म्हणायचो, "नाही. अजिबात नाही."

ते मान हलवून पुन्हा कामाला लागत. मला तर तो रस्त्यात, दाढी करताना, सगळीकडे ऐकू येत होता.

दसऱ्याआधीचा रविवार. तोच प्रश्न. मी म्हणालो, "नाही."

"गोड नको, अरुण."

घसरलेल्या माणसाला ताठ मानेनं काही बोलता येत नाही. मी उठून उभा राहिलो. "येतो ऐकू. आणि तो मी आहे, दिगूभाऊ."

"टेपरेकॉर्डर कोणाच्या मांडीवर होता?"

"माझ्या."

"मग सगळ्यांत जवळचा आवाज कोणाचा येईल? तीस वर्षं तपासणीत होतो, बापा."

"मग बोलले काहून नाही?"

"तूच येऊन 'नाही' म्हणून राहिला होता. म्हटलं, लगेच नापास करू नये. फेरतपासणीला ठेवावा."

मी म्हणालो, "मग काढून टाका ना मला."

"निघत नाहीस. तू आणि 'आई' एकमेकांवर बसले आहात. तुला खाली घेतलं की आई पण पातळ होते." त्यांनी चष्मा काढला. "तिला आई पूर्ण ऐकू आली पाहिजे. तू राहशील. पण कोण ते तूच सांगशील."

दसऱ्याला मंगल आली. केस पिकलेले, अंगानं तशीच लहानखुरी. येऊन खुर्चीत बसली. दिगूभाऊंनी हातातली शिंप्याची टेप लावली नाही. गरजच नव्हती. तिचा कान नेमका खडूच्या रेघेवर होता.

गाणं सुरू झालं. मंगल डोळे मिटून ऐकत होती. शेवटची हाक आली, तिच्यावर मी आलो.

"मंगल, तो मी होतो," मी म्हणालो.

"काय?"

"तो मी होतो!"

"ऐकू नाही येत रे!"

जन्मभर गप्प राहिलो, आणि शेवटी गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलो, "तुला बसवणारा मी होतो! मी!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. मंगलनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"ओरडतोस काहून?" ती म्हणाली. "आला आहेस तर बस खाली. आईचं चालू आहे."

मी खाली बसलो. दिगूभाऊंनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि शिंप्याची टेप गुंडाळून खिशात ठेवली.