चौसष्ट फोटो आणि एक फूटपट्टी

विम्याच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. एकोणीस वर्षं विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करतोय मी! लोकांच्या चेपलेल्या गाड्या बघायच्या, स्टीलची फूटपट्टी लावून ओरखडे मोजायचे, फोटो काढायचे आणि शक्य तिथे शेरा मारायचा, 'स्वतःचा निष्काळजीपणा. दावा नामंजूर.' शक्य तिथे म्हणजे जवळजवळ सगळीकडेच.

तर मेव्हणीचं नवं घर बघायला मी, बायको आणि सासूबाई दोन दिवसांसाठी गाडी भाड्याने घेत होतो. काउंटरवरच्या चष्मेवाल्या बाईंनी चहा विचारावा तसं विचारलं, "विमा घेणार ना?" माझं डोकंच फिरलं.

"विम्याचे पैसे भाड्याच्या निम्मे? ही काय लूट आहे!"

"नसेल घ्यायचा तर राहू द्या. पण गाडीला ओरखडा आला तर अनामत परत मिळत नाही. हे अटींचं पत्रक, वाचून ठरवा."

"बाई, असली पत्रकं मी लोकांना वाचून दाखवतो," मी म्हणालो आणि पत्रक तसंच परत सरकवलं.

अनामत बायकोची होती. ती घरी शिवणकाम करते. तिचं मशीन इतकं म्हातारं झालंय की दर दोन शिवणींनी दोरा तोडतं. नव्या मशीनसाठी तिने वर्षभर साठवलेले पैसे मी दोन दिवसांच्या बोलीवर मागून घेतले होते.

"अहो, घ्या ना विमा," ती हळूच म्हणाली. "माझं मशीन अडकलंय त्यात."

"अगं, विमा घाबरटांनी घ्यायचा. माझ्याकडे पुरावा असणार!"

मी खिशातून फूटपट्टी काढली आणि कामाला लागलो. प्रत्येक डाग, प्रत्येक ठिपका, त्याला पट्टी टेकवून फोटो. बंपर झाला, दारं झाली, मग टपासाठी मी स्टूल मागितलं. बाई किल्ली हातात धरून उभ्या होत्या. सासूबाई काठी टेकून उन्हात उभ्या होत्या. चाळीस मिनिटांनी त्या म्हणाल्या, "जावईबापू, गाडी भाड्यानेच घेताय ना? का सोयरीक जुळवताय?"

मी दुर्लक्ष केलं. एकूण चौसष्ट फोटो झाले.

प्रवासाचे नियम मी आधीच सांगून टाकले. दार फक्त मी उघडणार, मीच लावणार. सासूबाईंची काठी टॉवेलमध्ये गुंडाळून पायाशी ठेवायची.

"काठीला थंडी वाजतेय का?" सासूबाईंनी विचारलं.

"काठीचं टोक लोखंडी आहे, आई. काचेसारखा रंग असतो गाडीचा."

मेव्हणीच्या इमारतीखाली जागा होती, पण दोन्ही बाजूंना गाड्या. शेजाऱ्याने दार उघडलं की संपलं! मी अर्धा किलोमीटर लांब, मोकळ्या मैदानात गाडी लावली. सासूबाई तेवढं अंतर चालल्या, आणि वाटेत त्यांनी माझ्याबद्दल जे काही म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. जेवताना मी चार वेळा उठलो. नव्या घरातली मी एकच गोष्ट बघितली, ती तिसऱ्या मजल्यावरची खिडकी. तिच्यातून मैदान दिसायचं. साडूने हौसेने स्वयंपाकघर दाखवायला बोलावलं, तर मी तिथूनच "छान आहे" म्हणालो. त्याला राग आला. माणसाला अनामत म्हणजे काय ते कळत नाही!

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी परत केली. बाई एक फेरी मारून मागच्या दारापाशी थांबल्या.

"इथे ओरखडा आहे."

मी हसलो. याच क्षणासाठी मी चाळीस मिनिटं घाम गाळला होता. "जुना आहे, बाई! फोटो क्रमांक तेहेतीस. हा बघा. तोच ओरखडा, शेजारी पट्टी, लांबी सात सेंटिमीटर. निघण्यापूर्वीचा." आणि मोबाइल मी स्वतः, माझ्या हाताने, त्यांच्या हातात दिला.

बाईंनी फोटो बघितला. मग शांतपणे त्याच्या आधीचा बघितला. चष्मा सारखा केला आणि मोबाइल बायकोपुढे धरला.

फोटो क्रमांक बत्तीस. तेच दार, एकदम स्वच्छ. हँडलखाली मोहरीएवढा एक ठिपका, आणि तो मोजायला निघालेली, दारावर तिरकी टेकलेली माझी फूटपट्टी. दोन्ही फोटोंत एका मिनिटाचं अंतर. मधल्या मिनिटात दाराला लागली होती ती फक्त माझी पट्टी.

"अहो," बायको म्हणाली, "असा दावा तुमच्या टेबलावर आला असता तर?"

एकोणीस वर्षांची सवय. तोंडातून निघालंच, "नामंजूर. स्वतःचा निष्काळजीपणा."

"आमच्याकडे मंजूर झाला असता," बाई म्हणाल्या. "घेणाऱ्याच्या स्वतःच्या चुकीने झालेलं नुकसानही आमच्या विम्यात धरतात. पत्रकात तिसरीच ओळ आहे."

 सासूबाईंनी काठीवरचा टॉवेल सोडला, माझ्या हातातली पट्टी काढून घेतली आणि तिला नीट गुंडाळून बायकोच्या पिशवीत ठेवली.

हे लिहितोय तेव्हा शेजारच्या खोलीत जुनं मशीन चाललंय. दोरा तुटला की ते थांबतं, आणि मी उठून सुईत दोरा ओवून देतो. नवं मशीन येईपर्यंत ते काम माझ्याकडे आहे. आत्ताच पुन्हा थांबलं.