ऑकर्टनवर तोफांचा मारा

एक धुराडं. विटांचं. उंची करंगळीच्या नखाएवढी.

चर्चच्या सभागृहाच्या दारावरचा तक्ता: मंगळवार – छोटी रेल्वे. बुधवार – वजन उतरवणे. गुरुवार – टेबलावरची लढाई.

क्लाइव्ह मॉसच्या पत्रातली एक ओळ: "मुलीकडे समुद्र दिसतो, पण टेबल लहान आहे."

पोस्टाच्या खिडकीतली चिठ्ठी: "विरोधक हवा. अनुभवाची अट नाही. चहा मिळेल."

ही चिठ्ठी ओस्वाल्ड प्रेंटिसची. वय सदुसष्ट, बस डेपोतून निवृत्त, टेबलावर खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाया खेळणाऱ्या गुरुवारच्या मंडळाचा अध्यक्ष, चिटणीस आणि, क्लाइव्ह मुलीकडे प्लिमथला गेल्यापासून, एकुलता एक सभासद. चिठ्ठी वाचून तीन आठवड्यांत एकाच माणसाचा फोन आला. विरोध नेमका कशाला करायचा आहे, असं त्यानं विचारलं आणि उत्तर ऐकून फोन ठेवून दिला.

सभागृहाचे रखवालदार टनिक्लिफ मात्र न बोलावता यायचे. "एका माणसासाठी हीटर लावत नाहीत, प्रेंटिस. सप्टेंबरअखेर दोन डोकी दाखवा, नाहीतर गुरुवार योगासनांना गेला म्हणून समजा."

ओस्वाल्डनं विचार केला. माणसं येत नाहीत कारण रणांगण भिकार आहे. दोन पुठ्ठ्याची घरं आणि एक हिरवी चादर, यासाठी कोण जिवावर उदार होईल? त्याला एखादं गाव हवं होतं. उद्ध्वस्त, पण नीटनेटकं उद्ध्वस्त.

गाव कपाटात मिळालं. सभागृहात कपाट एकच. वरच्या फळ्या मंगळवारच्या छोट्या रेल्वेवाल्यांच्या, सगळ्यात खालची लढाईवाल्यांची. रेल्वेवाले मोडकी किंवा मापात न बसणारी घरं खालच्या फळीवर टाकत, लढाईवाले ती उचलून आणखी मोडत. वीस वर्षांचा रिवाज. कधी कुणी कुणाला विचारलं नव्हतं. त्या गुरुवारी खालच्या फळीवर एक खोकं होतं. आत अकरा घरं: स्टेशन, बेकरी, पोस्ट, दारूचा गुत्ता. एकेक कौल वेगळं बसवलेलं. 'काय पण लोक,' ओस्वाल्ड मनात म्हणाला, 'असला माल टाकून देतात!'

चार दिवस त्यानं मान वर केली नाही. छपरं कापली, भिंतींना भोकं पाडली, वाळू आणि गोंद कालवून ढिगारे केले, काजळी फासली. त्याचे सैनिक रेल्वेच्या प्रवाशांपेक्षा डोकंभर उंच, म्हणून दारंही तासून वाढवली. पुढच्या गुरुवारी गाव टेबलावर मांडून तो मागे सरकून बघत होता, तेवढ्यात रेल्वे मंडळाच्या चिटणीस हिल्डा क्रॅडॉक आत आल्या.

"मागच्या आठवड्यात वरच्या फळ्यांना वाळवीचं औषध मारलं म्हणून आमचं खोकं खाली ठेवलं होतं, ते..." त्या टेबलापाशी थबकल्या. "हे काय झालं?"

"तोफखाना," ओस्वाल्ड अभिमानानं म्हणाला.

"हे आमच्या गावचं पोस्ट आहे!"

"होतं," ओस्वाल्ड म्हणाला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावरून अभिमान हळूहळू ओघळला.

"एकोणीसशे अठ्ठावन्न सालची ऑकर्टनची बाजारपेठ. नऊ वर्षं लागली आम्हांला. नोव्हेंबरात डर्बीला छोट्या रेल्वेंचं प्रदर्शन आहे. जर्मनांनासुद्धा जमलं नाही हो हे, प्रेंटिस! युद्धात ते वरून गेले आणि बाँब शेफील्डवर टाकून आले!"

"मी दुरुस्त करून देतो."

"देताच आहात. आणि मी समोर बसणार आहे. तुमच्यावर माझा काडीचा भरवसा नाही."

दर गुरुवारी हिल्डाबाई खुर्ची ओढून समोर बसू लागल्या. "कौल तिरकं आहे." "बेकरीचं दार बघा, त्यातून घोडा जाईल." "हात थरथरतोय तुमचा. जेवता की नाही?" मग एकदा आल्याचा केक आला. टनिक्लिफनी दारातून डोकावून डोकी मोजली, दोन भरली, आणि हीटर लावला. सदुसष्टाव्या वर्षी ओस्वाल्डला गुरुवारसाठी शर्टाला इस्त्री करावीशी वाटू लागली.

घोटाळा एकच होता. काम संपत आलं होतं. दोनच घरं उरली, तेव्हा ओस्वाल्डनं हिशेब केला: दोन गुरुवार, मग योगासनं. बुधवारी वजनवाल्यांच्या आधी तो गुपचूप कपाटापाशी गेला आणि बेकरीचं धुराडं मोडून ठेवलं.

गुरुवारी खोकं उघडलं तर धुराडं तुटलेलं होतंच. पण सिग्नलच्या खोलीचा जिनाही तुटलेला. जिन्याला त्यानं बोट लावलं नव्हतं.

"उंदीर असतील," तो चाचरत म्हणाला.

"उंदीरच," हिल्डाबाई ताबडतोब म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात उंदरांनी गुत्त्याची पाटी आणि पोस्टाचा निम्मा पत्रा खाल्ला. त्याच्या पुढच्या आठवड्यात स्टेशनाची फलाटाकडची भिंत. ओस्वाल्ड अर्धंच नुकसान ओळखत होता, पण बोलायची सोय नव्हती. बोलले ते टनिक्लिफ. "उंदीर? माझ्या सभागृहात?" त्यांनी सापळे लावले, सापळ्यांत चीज लावलं, काहीच सापडेना तेव्हा पालिकेत वर्दी दिली. पालिकेनं दाराला कुलूप घातलं आणि कागद डकवला: तपासणी होईपर्यंत सहा आठवडे बंद.

कागद सोमवारीच लागला होता. येता-जाता ओस्वाल्डनं तो तीनदा वाचला होता. तरी गुरुवारी साडेसहाला तो इस्त्रीच्या शर्टात पायरीवर उभा होता. पाच मिनिटांनी हिल्डाबाई आल्या. हातात खोकं.

"टनिक्लिफकडून सोडवून आणलं," त्या म्हणाल्या. "बंद आहे म्हणे."

"हो. वाचलं."

"मीही."

ओस्वाल्डनं कुलूप एकदा ओढून पाहिलं.

"उंदीर नाहीत, हिल्डाबाई," ओस्वाल्ड शेवटी म्हणाला. "धुराडं मी मोडलं. पाटीही."

"आणि पत्रा?"

"पत्र्याला मी हात लावला नाही."

"ठाऊक आहे," हिल्डाबाई खोक्याकडे बघत म्हणाल्या. "कात्री बोथट होती माझी. दोन बोटं सोलली."

समोरच्या दुकानाचं दार वाजलं, कुणीतरी दूध घेऊन गेलं. ओस्वाल्डनं घसा साफ केला. "माझ्याकडे एक टेबल आहे. सहा फूट बाय चार."

"जेवायचं?"

"लढाईचं. जेवतो मी उभ्यानं."

"उभ्यानं!" हिल्डाबाईंनी खोकं त्याच्या हातात कोंबलं. "चला. आणि सावकाश न्या, आत स्टेशन सुटं आहे."

एकोणीसशे एकोणऐंशीच्या जानेवारीत हिल्डा क्रॅडॉक रेल्वे मंडळात पहिल्यांदा आल्या, त्या केवळ रस्त्यावरून जाताना सभागृहात माणसं हसताना ऐकू आली म्हणून. आगगाड्यांची त्यांना कधीच आवड नव्हती.