टोळाचा मौजा

आमच्या मोहल्ल्यात टोळ पकडला, तर त्याचा मौजा, म्हणजे तो कोणत्या शेतातला, हे सांगावं लागतं. कोणाला? शेजारच्या गंगाधरकाकांना. तहसीलीतून गिरदावर, म्हणजे जमिनी तपासणारे अधिकारी, म्हणून रिटायर झाले, पण तहकीकात काही सुटली नाही.

काकांनी बेडूक पाळलाय. बेडकाला हलतं तेच खाणं दिसतं, म्हणून जिवंत लागतं. शिवाय काकांची मंजुरी लागते.

"मौजा कोन्ता?" काका चष्मा चढवतात.

"कपाशीतला आहे, काका."

"नामंजूर! फवारणी झाली असन. ज्वारीतला आना."

मुंग्या नामंजूर, चावतात. गांडूळ मंजूर, पण धुऊन. बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा टोळ लठ्ठ नको. त्या मापाचा दोरा काकांच्या खिशात असतो. जन्मभर जमिनीची मोजणी केलेला माणूस!

स्वतः मात्र सकाळचीच भाजी रात्री उभ्याउभ्या खातात. काकूंच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून त्या खाटेवर आणि चूल काकांकडे. काकू जेवायलाच मागत नाहीत. जेवताना तोंडातून सांडतं म्हणून त्या लाजतात, तेव्हा काका कोणाला आत घेत नाहीत.

गेल्या आठवड्यात कपाशीवर सगळीकडे फवारे फिरले. गावालगतचे सगळे टोळ नामंजूर. उरली गांडुळं, ती काका इतकी धुवायचे की निपचित पडायची. बेडूक ढुंकून बघेना.

"बाई, तो तोंड उघडून नाई राह्यला," काका दारात येऊन म्हणाले. चेहरा पार उतरलेला.

मी चिडले. "काका, काकू खातात का ते बघा आधी! बेडकाचं काय घेऊन बसलात?"

"तेच तं पाहून राह्यलो ना, बाई."

मला काही कळलं नाही. पण तो चेहरा बघवेना. शाळेत शिकवून सुटले तशी गावाबाहेरच्या ज्वारीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गेले आणि जेवणाच्या डब्यात टोळ धरून आणले. अंगभर कुसळं! काकांनी मौजा विचारला, दोरा लावला, आणि त्या दिवशी मला आत घेतलं.

बेडकाची काचेची पेटी काकूंच्या उशीशी होती. काकू ओठ घट्ट मिटून पडलेल्या. काकांच्या हातात मऊ भाताचा चमचा.

मी टोळ पेटीत सोडला. टोळ उडाला. बेडकानं जीभ फेकली, गट्ट!

काकू अर्ध्या तोंडानं खुदकन हसल्या. तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी घास भरवला. काकूंनी तो गिळला.

काकांनी दुसरा चमचा भरला.

"अजून एक हाये का, बाई?"

मौजा विचारला नाही.