उठला की विसरतो!

"उद्या त्या बाईंनी मशीन शंभरदा झोपवावं नि शंभरदा उठवावं! एकदा जरी चुकलं, तर मिशी उतरवून देईन!"

"तुला मिशी कुठाय, दोरोनबेक?" झिपारा म्हणाली. ती त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायची आणि त्याच्या फुग्यांना टाचणी लावायची.

बिश्केकमधल्या त्यांच्या छोट्या कंपनीचं काम म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा, खोटाखोटा संगणक चालवणं. तो सुरू होताना फर्मवेअर नावाचा छोटा प्रोग्रॅम प्रोसेसरला बजावतो, 'तुला अमुक-तमुक करायची परवानगी आहे,' आणि वर कुलूप ठोकतो. पण मशीन झोपवून उठवलं, की परवानगी पुसलेली आणि कुलूप उघडं! फर्मवेअर ते सगळं पुन्हा करायला साफ विसरायचं. गुलबार्चिन बाईंच्या प्रशिक्षण केंद्रातली मुलं जेवून परत आली, की एकाचंही प्रात्यक्षिक चालायचं नाही. बाई भडकल्या होत्या. शुक्रवारी अकरा वाजता व्हिडिओवर दुरुस्ती दाखवायची, नाहीतर करार रद्द. दोरोनबेक तीन आठवडे त्यावरच घासत होता.

नेमकी शुक्रवारी ऑफिसातली हीटिंग बंद पडली. दोरोनबेकने घरी स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडला. शेजारी आई बोरसोक, म्हणजे छोट्या चौकोनी पुऱ्या, तळायला कणीक लाटत होती. मूळ दोष बाईंना नेमका कसा सांगायचा, हे विचारायला सवादहाला झिपाराचा फोन आला.

"अगं, झोपायच्या आधी अगदी ठणठणीत असतो!" दोरोनबेक तिला सांगू लागला. "पण उठला की सगळं विसरतो. कुलूपसुद्धा उघडंच राहतं. नाही गं, आजचं नाही हे, पहिल्यापासूनच आहे. आपलं लक्ष नव्हतं, एवढंच!"

आईचं लाटणं थांबलं. पलीकडच्या खोलीत बाबा, म्हणजे सागिनबेक, न्याहारीनंतरची डुलकी घेत होते. आणि गेल्याच आठवड्यात त्यांनी तळघराचं कुलूप उघडं टाकलं होतं!

आई पिठाच्या हातांनीच खालच्या मजल्यावर बहिणीकडे धावली. बुरुलमावशी काही एकटी येणारी बाई नव्हे. तिने येताना असानाली डॉक्टरांना उचलून आणलं. डॉक्टर निवृत्त होते, त्यातून गुरांचे होते, पण अनुभव दांडगा.

तिघांनी मिळून बाबांना गदागदा हलवलं.

"नाव काय तुमचं?" डॉक्टरांनी मोठ्याने विचारलं.

"असानाली, तीस वर्षं माझ्याशी बुद्धिबळात हरतोस आणि नाव विचारतोस? तुझंच डोकं फिरलंय!"

"लग्न कोणत्या साली झालं?"

"ब्याऐंशी."

"एक्याऐंशी!" आईने हंबरडाच फोडला. "गेले हो, गेले! सगळं गेलं डोक्यातून!"

इकडे दाराआड अकरा वाजले होते. पडद्यावर गुलबार्चिन बाई परीक्षा घ्यायला बसल्यासारखा चेहरा करून बसल्या होत्या. दोरोनबेकने ऐटीत मशीन झोपवलं. ऐटीत उठवलं. आणि पडदा जो गोठला, तो गोठलाच!

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

दोरोनबेकने कपाळावर हात मारला. मशीनमध्ये प्रोसेसर होते चार, आणि पठ्ठ्याने परवानगी परत दिली होती फक्त पहिल्याला! बाकीचे तिघं चुकीच्या लग्नाच्या मांडवात शिरल्यासारखे बावचळून उभे होते.

"बाई," तो कसाबसा म्हणाला, "चौघांपैकी एकालाच आठवतंय."

"चौघं?" दार धाडकन उघडून मावशी किंचाळली. "अगं बाई! आणखी तिघं कोण?"

मागोमाग गोधडी गुंडाळलेले बाबा, त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारणारे डॉक्टर आणि डोळे पुसून पुसून नाकापर्यंत पीठ फासलेली आई! अख्खी वरात गुलबार्चिन बाईंच्या पडद्यावर.

"अरे, यंत्र विसरतं, यंत्र!" दोरोनबेक ओरडला. "बाबा ठीक आहेत!"

"मग लग्नाचं साल?" आई मागे हटेना.

"ते मला कधीच आठवत नव्हतं," बाबा म्हणाले.

गुलबार्चिन बाईंनी तोंडावर रुमाल धरला. "चालू द्या. मी दहा मिनिटं थांबते."

दोरोनबेकने प्रोग्रॅम उघडला. जे पहिल्याला सांगायचं तेच चौघांना सांगायचं, कुलूपही चौघांना लावायचं. मावशी खांद्यावरून डोकावत होती, डॉक्टर श्वास रोखून उभे होते. मशीन झोपलं. मशीन उठलं. चौघांनाही सगळं लख्ख आठवत होतं! स्वयंपाकघरात टाळ्या पडल्या, डॉक्टरांनी तर बाबांनाच मिठी मारली.

"मला एक सांग," मिठीतून मान काढत बाबा म्हणाले. "उठल्यावर एवढा घोळ होतो, तर त्याला झोपवताच कशाला?"

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"जेवायला जाताना झोपवतो आम्ही," गुलबार्चिन बाई चाचरत म्हणाल्या. "म्हणजे... तशी पद्धतच पडलीय."

"जेवायला वेळ किती लागतो?"

"चाळीस मिनिटं." बाईंनी रुमाल खाली ठेवला. "खरंच की हो! चालूच ठेवली तर काय बिघडतं?"

करार पुढे चालू ठेवायच्या कागदावर त्यांनी त्याच दुपारी सही केली. अट एकच घातली, मुलांच्या मशीनमधलं झोपवायचं बटणच काढून टाकायचं.

ते काढायला दोरोनबेकला चार मिनिटं लागली.